अठ्ठावन्नच्या आधी

“नको ती परीक्षा, राजीनामा देऊन मोकळे होऊ.” जालना जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांच्या बोलण्यात हे वाक्य गेल्या काही महिन्यांत वरचेवर येते. त्याला निमित्त आहे 1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. महाराष्ट्रातल्याच एका संस्थेच्या अपिलावरून न्यायालयाने सांगितले, की शिक्षण हक्क कायदा येण्याआधी लागलेल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, द्यावी लागेल. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असेल त्याने दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचे. नाही झाला तर त्याला घरी पाठवता येईल, मात्र अर्हताकारी सेवा पूर्ण असेल तर निवृत्तीचे लाभ देऊन. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना सूट आहे, पण त्यांना पदोन्नती हवी असेल तर परीक्षा चुकत नाही.

पंचवीस-सव्वीस वर्षे पहिली ते चौथीचे वर्ग सांभाळलेल्या माणसाला बावन्नाव्या वर्षी दीडशे गुणांची प्रश्नपत्रिका सोडवायला सांगितली, की त्याच्या मनात काय येते हे समजण्यासारखे आहे. तरीही वरचे वाक्य कागदावर उतरवण्याआधी थांबावे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 यांतल्या नियम 46 नुसार राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त होते. निवृत्तिवेतनही जाते आणि त्या नियमांखालची ग्रॅच्युइटीही. ज्याला पंचवीस वर्षांचा हिशेब घेऊन बाहेर पडायचे आहे, त्याने नियम 66 खाली स्वेच्छानिवृत्तीची नोटीस द्यायची असते. कचेरीत दोन्हींना सर्रास ‘नोकरी सोडणे’ म्हणतात. अर्जाच्या विषयाच्या ओळीत मात्र फरक आयुष्यभराचा पडतो. वीस वर्षे झाली होती म्हणून माझा राजीनामाच स्वेच्छानिवृत्ती समजा, असा युक्तिवाद दिल्लीच्या एका वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर 2019 मध्ये फेटाळला. तेव्हा रागाच्या भरात लिहिलेला दोन ओळींचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवू नका, एवढे पहिले सांगणे.

नियम 66 काय देतो, ते आता सावकाश पाहू. हे नियम राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना आहेत आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. निवृत्तीचे वय गट अ, ब, क साठी 58 आणि गट ड साठी 60. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण झाली, की कर्मचारी नेमणूक अधिकाऱ्याला तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन निवृत्त होऊ शकतो. प्राथमिक शिक्षकासाठी हा अधिकारी म्हणजे जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी. अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशी वाट चालत जातो. प्रत्येक टप्प्यावर पोच घ्यावी, कारण तीन महिने मोजायला कुठून तरी सुरुवात लागते.

नोटिशीला मंजुरी लागते. विभागीय चौकशी चालू असेल, निलंबन असेल, तर मंजुरी अडू शकते. पण नोटिशीची मुदत संपेपर्यंत अधिकाऱ्याने नकारच कळवला नाही, तर मुदत संपल्याच्या दिवसापासून निवृत्ती आपोआप अमलात येते. ही तरतूद कर्मचाऱ्याच्या बाजूची आहे आणि पुष्कळांना ती ठाऊक नसते. मन बदलले तर नोटीस मागे घेता येते, मात्र निवृत्तीच्या तारखेआधी आणि अधिकाऱ्याच्या संमतीने. बलराम गुप्ता यांच्या 1987 च्या गाजलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की खरोखर परिस्थिती बदलली असेल आणि कार्यालयाची अडचण होत नसेल, तर अशी संमती उगाच नाकारू नये. निवृत्तीचा दिवस उलटला, की मग परतीची वाट नाही.

वीस वर्षांचा आकडा जरा नीट पाहावा लागतो. पूर्वी पूर्ण पेन्शनसाठी 33 वर्षे सेवा लागत असे. सेवा कमी, तर पेन्शन त्या प्रमाणात कमी. त्या काळात लवकर जाणाऱ्याला काही वर्षांची भर घालून मिळे. जुने निवृत्त गुरुजी अजूनही “पाच वर्षे वाढवून मिळतात” असे सांगतात, ते त्या काळाचे. सहाव्या वेतन आयोगानंतर 33 वर्षांची अट गेली. आता वीस वर्षे भरली की शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते, म्हणून भरीचा हिशेबही उरला नाही. थोडक्यात, एकविसाव्या वर्षी जाणारा आणि तेहतिसाव्या वर्षी जाणारा, दोघांना टक्का एकच. फरक पडतो तो शेवटच्या पगारात आणि ग्रॅच्युइटीत.

मात्र ही वीस वर्षे कॅलेंडरची नव्हेत. वैद्यकीय दाखल्याशिवाय घेतलेली असाधारण रजा अर्हताकारी सेवेत धरत नाहीत. विनापरवाना गैरहजेरी नियमित करून घेतली नसेल तर ती खंड ठरू शकते. निलंबनाचा काळ कसा धरायचा, याचा आदेश निघालेला असावा लागतो. हे सगळे कुठे लिहिलेले असते? सेवापुस्तकात. मुदतीआधी जायचे की नाही, हा निर्णय घरी बसून घ्यायचा नाही. तो सेवापुस्तक समोर ठेवून घ्यायचा. माझ्या मते अर्जाची तारीख ही अगदी शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी सेवापुस्तक स्वच्छ करून घ्यावे, मग तीन महिन्यांची नोटीस द्यावी. लोक नेमके उलट करतात.

जालन्यातल्या शिक्षकांच्या सेवापुस्तकांना एक खास अडचण असते. मराठवाड्यातली कितीतरी मुले नव्वदच्या दशकात कोकणात, ठाण्या-पालघरच्या पाड्यांवर नोकरीला लागली आणि दहा-बारा वर्षांनी आंतरजिल्हा बदलीने गावाकडे आली. जिल्हा बदलला की ज्येष्ठता जाते, सेवा जात नाही. पण सेवापुस्तकाची पहिली तीस-चाळीस पाने दुसऱ्या जिल्हा परिषदेत लिहिलेली असतात आणि नेमक्या त्याच पानांवर वार्षिक सेवा पडताळणीची सही राहिलेली असते. एखाद्या वर्षाची वेतनवाढ नोंदलेली नसते, कुठे नाव एक आणि आधारवर दुसरे असते. भविष्य निर्वाह निधीची जुनी शिल्लक तिकडून इकडे वर्ग झाली की नाही, तेही याच वेळी तपासायचे. मंठ्याच्या किंवा जाफ्राबादच्या शाळेत बसून रत्नागिरीच्या जुन्या पगारपत्रकांचा उतारा मागवणे हे तीन महिन्यांत होणारे काम नव्हे. कर्मचाऱ्याला सेवापुस्तकाची दुय्यम प्रत स्वतःजवळ ठेवता येते. ज्यांनी ती दरवर्षी भरून घेतली, त्यांचे अर्धे काम झालेले असते.

यानंतर वेतन पडताळणी. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांची वेतननिश्चिती वित्त विभाग तपासतो. तहसील, कृषी, पाटबंधारे अशा राज्य शासनाच्या कार्यालयांतली सेवापुस्तके छत्रपती संभाजीनगरच्या वेतन पडताळणी पथकाकडे जातात. इथे जुन्या चुका वर येतात. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी प्रशिक्षणाआधीच दिली होती का, चोवीस वर्षांनंतरच्या निवड श्रेणीचा आदेश आहे का, एमएस-सीआयटी मुदतीत झाली नाही म्हणून थांबवायच्या वेतनवाढी थांबवल्या होत्या का, पाचव्या-सहाव्या आयोगाच्या वेळी एक टप्पा जास्त तर धरला नाही ना? जास्त दिले गेले असेल तर त्याला ‘अतिप्रदान’ म्हणतात आणि वसुलीचा कागद निघतो, तोही ग्रॅच्युइटीतून कापण्याचा.

या वसुलीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 18 डिसेंबर 2014 चा रफिक मसीह निकाल प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. कर्मचाऱ्याने फसवणूक केलेली नसताना कार्यालयाच्या चुकीने जास्त रक्कम गेली असेल, तर गट क आणि गट ड च्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून ती वसूल करता येणार नाही, असे तो सांगतो. पाच वर्षांहून जुन्या अतिप्रदानालाही संरक्षण आहे. प्राथमिक शिक्षक गट क मध्ये येतो, म्हणजे हे त्याच्या कामाचे. पण 2016 मध्ये जगदेव सिंग यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने एका न्यायिक अधिकाऱ्याकडून वसुली होऊ दिली, कारण त्याने वेतननिश्चितीच्या वेळी ‘जास्त मिळाल्यास परत करीन’ असे वचनपत्र लिहून दिले होते. असे वचनपत्र आपल्याकडे प्रत्येक आयोगाच्या वेळी सह्या घेताना गठ्ठ्यात सरकवले जाते. आपण कशावर सही केली आहे ते सेवापुस्तकात लावलेले असते, बघून ठेवा. आणि वसुली टळली, तरी पुढची पेन्शन दुरुस्त केलेल्या, म्हणजे कमी पगारावरच बसते, हेही ध्यानात घ्या.

आता पैशांचा हिशेब. एक काल्पनिक शिक्षिका धरू. जन्म मार्च 1974, नोकरी जून 1999 पासून, म्हणजे जुनी पेन्शन लागू. 31 मार्च 2032 ला त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतील. त्यांना 31 जुलै 2026 ला जायचे आहे. शेवटचे मूळ वेतन 60,000 धरू आणि महागाई भत्ता आकडेमोडीच्या सोयीसाठी 50 टक्के. जुलैअखेर का? वार्षिक वेतनवाढ 1 जुलैला मिळते. जूनअखेर नोकरी सोडणाऱ्याची ती वाढ हातची जाते की काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल 2023 मध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूने सुटला. पण तारीख आपल्या हातात असताना वादात शिरायचेच कशाला?

बाई थांबल्या, तर दरमहा 90,000 रुपये वेतन आणि भत्ता. गेल्या, तर 30,000 निवृत्तिवेतन आणि त्यावर 15,000 महागाई वाढ, म्हणजे 45,000. दरमहा 45,000 चा फरक, 68 महिने: तीस लाख साठ हजार रुपये. यात पुढच्या वेतनवाढी धरलेल्या नाहीत, घरभाडे भत्ता धरलेला नाही. शिवाय पाच वेतनवाढी मिळून 2032 मध्ये मूळ वेतन साडेएकोणसत्तर हजारांच्या आसपास गेले असते, म्हणजे पेन्शन 30,000 ऐवजी सुमारे 34,750. हा पावणेपाच हजारांचा फरक आणि त्यावरचा भत्ता जन्मभराचा, आणि त्यांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतनातही तो उतरतो. कारण तेही शेवटच्या वेतनावरच ठरते, साधारणपणे त्याच्या 30 टक्के.

ग्रॅच्युइटीत सेवेची वर्षे मोजली जातात. प्रत्येक पूर्ण सहामाहीला वेतन अधिक महागाई भत्त्याचा पाव भाग, जास्तीत जास्त साडेसोळा पट. आमच्या बाईंची सेवा 27 वर्षे, म्हणजे 54 सहामाह्या: 90,000 च्या साडेतेरा पट, बारा लाख पंधरा हजार. 2032 पर्यंत थांबल्या असत्या तर 32 वर्षे नऊ महिन्यांवर काही दिवस भरले असते. तीन महिन्यांहून मोठा तुकडा पूर्ण सहामाही धरतात, म्हणून 66 सहामाह्या, पूर्ण साडेसोळा पट, आणि रक्कम सव्वासतरा लाखांपर्यंत. राज्यात या रकमेची कमाल मर्यादा पूर्वी 14 लाख होती, 1 सप्टेंबर 2024 पासून ती 20 लाख आहे.

आणि पेन्शन विक्री. निवृत्तिवेतनाचा 40 टक्क्यांपर्यंत भाग सरकारला विकून एकरकमी पैसे घेता येतात. कागदोपत्री याला अंशराशीकरण म्हणतात. वय जितके कमी, तितका गुणक थोडा जास्त. पुढच्या वाढदिवशी 53 पूर्ण होणाऱ्याला तो 8.7 च्या आसपास आहे, 59 पूर्ण होणाऱ्याला 8.371. बाईंनी 12,000 रुपये विकले तर हातात साडेबारा लाखांच्या आसपास येतील आणि दरमहा 12,000 कमी मिळतील, पंधरा वर्षे. पंधरा वर्षांची कपात होते एकवीस लाख साठ हजार. त्यानंतर पूर्ण पेन्शन पुन्हा चालू होते. महागाई वाढ मात्र विकण्याआधीच्या पूर्ण 30,000 वरच मिळते, आणि मध्येच मृत्यू झाला तर कुटुंब निवृत्तिवेतनातून ही कपात होत नाही. मुलीचे लग्न, घरावरचे कर्ज असे काही समोर उभे असेल तर विकावी. नुसती ‘सगळे विकतात’ म्हणून विकून ती रक्कम बँकेत ठेवणाऱ्याने आधी व्याजदर आणि ही कपात शेजारी शेजारी लिहून पाहावी. सरकारी कर्मचाऱ्याला विक्रीच्या रकमेवर आणि ग्रॅच्युइटीवर आयकर नाही. दरमहाची पेन्शन मात्र पगारासारखीच करपात्र आहे.

रजा रोखीकरणाबद्दल एक गैरसमज आहे. तीनशे दिवसांपर्यंतची अर्जित रजा रोखीत मिळते, हे खरे. पण उन्हाळ्याची सुट्टी घेणाऱ्या शिक्षकाच्या खात्यात अर्जित रजा साठतेच कमी. तलाठी, लिपिक, ग्रामसेवक यांना या वाटेने आठ-दहा महिन्यांचा पगार सुटतो, गुरुजींना तो आकडा दिसत नाही. सहकाऱ्याच्या यजमानांना एवढे मिळाले म्हणून आपल्याला मिळेल, हा हिशेब इथे फसतो.

या आकड्यांत न मावणाऱ्या दोन गोष्टी आहेत. सेवेत असताना मृत्यू झाला तर वारसाला अनुकंपा तत्त्वावर नोकरीचा अर्ज करता येतो; स्वेच्छेने निवृत्त झालेल्याच्या घरी तो हक्क उरत नाही. आणि सेवेत असताना मिळणारी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती निवृत्तीनंतर तशी चालू राहत नाही, स्वतःचा विमा लागतो. म्हणून आजारपणामुळे सोडणाऱ्याने तर दुप्पट विचार करावा. कायमचे अपंगत्व आले असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20 नोकरीचे संरक्षण देते: काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम देणे, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवणे, ही कार्यालयाची जबाबदारी आहे. पक्षाघातानंतर घरच्यांनी घाईने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करून टाकला, असे होऊ नये.

कागदांची वाट. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे पेन्शन प्रकरण पंचायत समितीकडून जिल्हा परिषदेत जाते, तिथल्या वित्त विभागाच्या तपासणीनंतर मंजूर होते आणि पैसेही पंचायत समितीमार्फत येतात. ग्रॅच्युइटी आणि विक्रीची रक्कम शासनाच्या अनुदानावर अवलंबून असल्याने पेन्शन चालू झाली तरी ती मागून येते. निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात बांधकामाला हात घालणार असाल तर हे लक्षात असू द्या. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याचे आणि अनुदानित माध्यमिक शाळेच्या शिक्षकाचे प्रकरण जाते नागपूरला. विदर्भ आणि मराठवाड्याची निवृत्तिवेतन प्रकरणे तिथले महालेखापाल कार्यालय पाहते. बाकी महाराष्ट्राची मुंबईचे. नागपुरातून तीन आदेश येतात. पीपीओ पेन्शनचा, जीपीओ ग्रॅच्युइटीचा, सीपीओ विक्रीचा. मग जालन्याच्या कोषागारात ओळख पटवून पैसे चालू.

वयाने निवृत्त होणाऱ्याची तयारी कार्यालय खूप आधी सुरू करते; स्वेच्छेने जाणाऱ्याला ती सवलत नाही, कारण त्याची तारीख कुणालाच आधी ठाऊक नसते. त्यामुळे पगार थांबला आणि पेन्शन सुरू झाली नाही, असे काही महिने येऊ शकतात. त्यासाठी तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद आहे, ती मागावी लागते. प्रशासकीय कारणाने ग्रॅच्युइटी लांबली तर तीन महिन्यांनंतरच्या काळाचे व्याज नियमात आहे, तेही मागावेच लागते. ना-देय प्रमाणपत्र, ना-चौकशी प्रमाणपत्र, पतिपत्नीचा एकत्र फोटो, नामनिर्देशन. यांतले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. अविवाहित असताना आईचे नाव लावलेले नामनिर्देशन तीस वर्षे तसेच पडून राहिलेले असते.

हे सारे 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांचे. त्या दिवशी किंवा नंतर लागलेल्यांना अंशदायी पेन्शन, पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली. जाहिरात त्या तारखेआधीची आणि नेमणूक नंतरची असेल, तर 2024 च्या शासन निर्णयाने जुन्या पेन्शनचा पर्याय दिला होता. तो स्वीकारला असेल तर त्याचा आदेश सेवापुस्तकात आहे ना, ते पाहा. नव्या प्रणालीत लवकर बाहेर पडणे फार महाग पडते. वयाने निवृत्त होणाऱ्याला जमा रकमेतले 60 टक्के हातात मिळतात आणि 40 टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते. मुदतीआधी जाणाऱ्याला हातात फक्त 20 टक्के, बाकी 80 टक्क्यांची वार्षिकी. पन्नाशीला आलेला, 2006 मध्ये लागलेला शिक्षक टीईटीला कंटाळून ‘मीही जातो’ म्हणत असेल, तर त्याने शेजारच्या ज्येष्ठ बाईंचा हिशेब आपला समजू नये. मला विचाराल तर त्याने पुस्तके आणून अभ्यासाला बसावे. खुल्या गटाला 150 पैकी 90 गुण लागतात, आणि निकालापासून दोन वर्षांचा अवधी आहे.

कंपन्यांची व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, ही याहून अगदी निराळी चीज. नियम 66 खाली जाणाऱ्याला सरकार जादा एक रुपया देत नाही. व्हीआरएसमध्ये मालकालाच माणसे कमी करायची असतात, म्हणून तो वर पैसे मोजतो. सर्वांच्या आठवणीतले उदाहरण बीएसएनएलचे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2019 मध्ये योजना मंजूर केली, 4 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर एवढाच अवधी दिला, अट वयाची पन्नास वर्षांची. देशभरातून 78,569 जणांनी अर्ज केले आणि 31 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी, जालन्यासह जिल्ह्याजिल्ह्यांतली दूरध्वनी कार्यालये एकाच दिवशी निम्मी रिकामी झाली. सूत्र होते: झालेल्या प्रत्येक वर्षामागे 35 दिवसांचा पगार आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे 25 दिवसांचा. पण त्यावर एक मर्यादा होती: ही रक्कम आणि पेन्शन मिळून उरलेल्या काळातल्या पगाराच्या 125 टक्क्यांपुढे जाऊ नये. पेन्शन लगेच चालू झाली, विक्री मात्र साठीपर्यंत पुढे ढकलली. जाहिरातीतले सूत्र पाहून हुरळलेल्यांना या बारीक अक्षरांनी जमिनीवर आणले.

मराठवाड्याला याआधीचे एक उदाहरण जवळचे आहे. निजामाच्या राज्यात 1941 मध्ये स्थापन झालेली, पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालेली बँक 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत विलीन झाली. ‘हैदराबाद बँक’ हे आमच्याकडे तालुक्याच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे नाव. विलीनीकरणाच्या तोंडावर सहयोगी बँकांच्या कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय मिळाला: वय 55 आणि सेवा 20 वर्षे पूर्ण हवी, उरलेल्या सेवेच्या निम्मा पगार, पण तीस महिन्यांच्या पगाराहून जास्त नाही. दूर बदली होईल या धास्तीने किती जण गेले हे कागदावर येत नाही, पण त्या वर्षी काउंटरवरचे ओळखीचे चेहरे दिसेनासे झाले होते. अशा योजनेतली भरपाई पाच लाखांपर्यंत करमुक्त असते, तीही आयुष्यात एकदाच, त्यावरची करपात्र. सही करण्याआधी ही वजाबाकी करायची असते.

शेवटी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतली रोलिंग मिल. लोखंडाच्या भट्टीपुढे उभा राहणारा कामगार अठ्ठावन्नची वाट पाहत नाही, शरीर आधीच नाही म्हणते. त्याला स्वेच्छानिवृत्तीचा नियम नाही, आहे ती कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995. पीएफ कापला गेलेली दहा वर्षे भरली असतील तर पेन्शनचा हक्क होतो. वय 58 ला पूर्ण पेन्शन. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण 58 च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला 4 टक्के कमी, आणि हे कमीपण कायमचे. सूत्र असे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. पगाराची मर्यादा 15,000. चोवीस वर्षे सेवा असेल तर वीस वर्षांवरच्या सेवेची दोन वर्षे वाढवून 26 धरतात. म्हणजे 58 ला साडेपाच हजारांच्या थोडे वर. तेच त्रेपन्नाव्या वर्षी सुरू केले तर जवळपास पाचवा हिस्सा जातो, साडेचार हजारांच्या आसपास राहतात.

इथे एक बारकावा आहे, तो मिलच्या गेटवर कुणी सांगत नाही. काम सोडणे आणि पेन्शन सुरू करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्रेपन्नाव्या वर्षी काम सोडावे, हातपाय चालतात तोवर बदनापूरकडच्या मोसंबीच्या बागेत किंवा भावाच्या दुकानात वेळ काढावा, आणि पेन्शनचा 10-डी अर्ज अठ्ठावन्नाव्या वर्षीच भरावा, हे नियमात बसते. फक्त मधल्या काळात पेन्शनचा हिस्सा काढून घ्यायचा नाही. ठेकेदार बदलला की नवा पीएफ क्रमांक, अशी चार-पाच खाती झालेली असतील, तर ती एकाच यूएएनखाली, म्हणजे सार्वत्रिक खाते क्रमांकाखाली, आणून ठेवायची. सेवा तुकड्यांत राहिली, की दहा वर्षे कागदावर भरतच नाहीत. जुन्या ठेकेदाराचा पत्ता हातात आहे तोवर कामावर लागल्याची आणि काम सोडल्याची तारीख नोंदवून घ्यावी. तो गाशा गुंडाळून गेला, की छत्रपती संभाजीनगरच्या भविष्य निधी कार्यालयात खेटे घालावे लागतात, आणि तेव्हा हाती असतात फक्त जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या, त्याही जपून ठेवल्या असतील तर.